सातव्या सूचकाची सही

सूचकाचे नाव

आक्षेप घेतला गेला अकरा वाजून वीस मिनिटांनी, आणि साडेबाराला तो लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, कुशाबा साटमांच्या खोलीत, बांगड्यांच्या वासात येऊन बसलाही होता.

"काकी, गॅस बंद कर आधी," कमल दारातूनच म्हणाली. "आणि इकडे ये. सगळं तुझ्यावर आलंय."

सुलोचनाने गॅस बंद केला नाही. एक बाजू कच्ची राहिली असती, आणि थोरल्या दिरांचं जेवण वेळेवर व्हावं म्हणूनच ती रोज संक्रमण शिबिरातून इथे यायची. तिने तव्यावरचा बांगडा उलटवला, हात पदराला पुसले आणि मगच वळून विचारलं, "माझ्यावर काय?"

कमल चपला न काढताच आत आली. ती कुशाबांची थोरली मुलगी, म्हणजे सुलोचनाची पुतणी. चौतीस वर्षं महापालिकेच्या इस्पितळात सिस्टर म्हणून काढलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली आणि एकसष्टाव्या वर्षी खासदारकीला उभी राहिली, पक्षाच्या उमेदवारासमोर, अपक्ष.

पक्ष म्हटलं की पुढे नाव लावायची गरज उरली नव्हती, कारण पक्ष एकच होता. बाकीचे काही विलीन झाले होते, काही विसर्जित केले गेले होते. अपक्षाला उभं राहायची मुभा कायद्यात अजून होती. फक्त दर खेपेला छाननीत अपक्षांचे अर्ज बाद व्हायचे आणि पक्षाचा माणूस बिनविरोध निवडून यायचा. लागोपाठ तीन वेळा या मतदारसंघात मतदान झालंच नव्हतं. सुलोचनाची नात आकांक्षा चोवीस वर्षांची झाली, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आली, पण मतदान केंद्र आतून कसं असतं ते तिला ठाऊक नव्हतं.

"जिंकायला नाही उभी राहिले," कमल अर्ज भरताना म्हणाली होती. "दोन नावं असली की मतदान घ्यावंच लागतं. चौदा लाख माणसं एकदा रांगेत उभी राहू देत. मग हरले तरी चालेल."

अपक्षाला दहा सूचक लागतात. चाळीतले आठजण आधी हो म्हणाले. मग त्यांना एकेक फोन आला आणि आठही जणांना अचानक गावची कामं निघाली. शेवटी दहाच्या दहा साटमच उभे करावे लागले, लालबागचे, परळचे आणि कॉटन ग्रीनचा एक जावई. अकरावा मिळाला नाही.

"सातव्या सूचकावर आक्षेप आहे," कमल म्हणाली. "मतदार यादीत नाव आहे सुलोचना गुणाजी साटम. आणि सही आहे शांती धोंडू राऊळ."



"असं कसं?" आकांक्षा मोरीजवळून उठली. "नाव मी लिहिलं, अनुक्रमांक मी लिहिला. आजी सही करते म्हणाली तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो." मग तिचा आवाज बसला. "वाचली कोणीच नाही."

"कोण शांती?" खिडकीजवळच्या खुर्चीतून कुशाबांनी विचारलं. वय चौऱ्याऐंशी, पण अजून कान चांगले.

"शांती तर आजीचं नाव ना, बाबा? तुमच्या आईचं?"

"माझंपण होतं," सुलोचना म्हणाली. "लग्नाआधी."

आणि ती बांगडे ताटात काढायला वळली. कुशाबांकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही. कोण शांती, हे विचारणारा तोंडाने विचारत होता. त्याला उत्तर माहीत होतं.

"तीन वाजेपर्यंत वेळ दिलाय," कमल म्हणाली. "सूचकाने स्वतः हजर राहून सांगायचं. नाहीतर अर्ज बाद, आणि संध्याकाळी चौथ्यांदा बिनविरोध."

सहीचा नमुना

लोक विचारतील, एकाहत्तर वर्षांच्या बाईने स्वतःचं नाव चुकीचं कसं लिहिलं. तिने चुकीचं लिहिलं नव्हतं. तिच्या हाताला एकच नाव येत होतं. गावच्या शाळेत ती चौथीपर्यंत गेली, आणि चौथीच्या गुरुजींनी प्रत्येक मुलीकडून पाटीवर सही घोटून घेतली होती. पुढे लग्न झालं, तांदळाच्या ताटात नवं नाव आलं, त्या नावाची रेशनकार्डं निघाली, यादीत ते चढलं. पण त्या नावाने तिने कधी काही लिहिलं नाही. जिथे तिथे अंगठा.

त्या दिवशी आकांक्षाने सहज विचारलं होतं, "आजी, सही की अंगठा?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सही." पेन धरलं, आणि एकावन्न वर्षं दडून बसलेली अक्षरं ओळीने बाहेर आली. ती कुठल्या नावाची आहेत हे तिच्या लक्षातही आलं नाही. फक्त रफार नीट बसला का, ते तिने दोनदा पाहिलं होतं. सहीत रफार नव्हताच. पण गुरुजींनी सांगितलेलं, सही झाली की डोक्यावरचं बघायचं.

आक्षेप

पावणेएकला दीपक आला. सुलोचनाचा मुलगा, पक्षाचा वॉर्ड संघटक. आईने ताईच्या अर्जावर सही केली हे कळूनही त्याने आठ दिवस घरात चकार शब्द काढला नव्हता, आणि शाखेत मात्र आठ दिवस मान खाली घालून बसला होता. हातात प्लास्टिकचं फोल्डर.

"आलात का वाट वाकडी करून, भाऊ?" कमल म्हणाली.

"ताई, तू आता टोमणे नको मारूस. मी भांडायला नाही आलो." तो आईसमोर खाली बसला. "आई, कोणाचं काही जात नाही यात. हे निवेदन आहे. तीन ओळींचं. तू तिथे यायचीपण गरज नाही, मी नेऊन देतो. आमचे वकील हर्षवर्धनसाहेब बोललेत, कोणावर केस नाही, आकांक्षावर नाही, ताईवर नाही. चूक झाली म्हणून सोडून देणार."

"आणि बदल्यात?" आकांक्षाने विचारलं.

"तू मध्ये बोलू नको."

"पप्पा, बदल्यात काय?"

दीपकने नळाकडे पाहून सांगितलं. "उद्या नव्या इमारतीची यादी लागते. अकरा वर्षं आपण संक्रमण शिबिरात काढली. आई चार मजले चढते, मध्ये दोनदा बसते. सतराव्या मजल्यावर खोली आहे आपली. लिफ्ट आहे. यादीत नाव राहील."

"ते आपलं हक्काचंच आहे," कमल म्हणाली.

"हक्काचं सगळ्यांचंच असतं, ताई. यादी कोणाच्या हातात असते ते सांग."

कुशाबा म्हणाले, "दीपक बोलतो ते खोटं नाय." आणि पुढे, कमलकडे न बघता, "मी आधीच सांगितलेलं. संपात मी चौदा महिने घरी बसलो. काय झालं? मिल गेली ती गेलीच. आता मुलाबाळांना कशाला ओढतेस यात."

म्हणजे दोन विरुद्ध दोन. सुलोचनाने सगळ्यांची तोंडं पाहिली. तिच्या लक्षात आलं की या घरात पहिल्यांदाच सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत, आणि जेवणासाठी नाही.

"वाच," ती मुलाला म्हणाली.

दीपकने वाचलं.

*मी, सुलोचना गुणाजी साटम, वय एकाहत्तर वर्षे,*

वय बरोबर होतं.

*धंदा घरकाम,*

तीस वर्षं तिने डबे दिले. आधी मिलवाल्यांना, मग मिलच्या जागी झालेल्या ऑफिसवाल्यांना. एके काळी रोज बावन्न डबे जायचे या हातचे. असो, घरकाम.

*सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, मला लिहितावाचता येत नाही;*

"परत वाच."

"मला लिहितावाचता येत नाही."

"पुढे."

*सदर अर्जावरील सही माझी नाही;*

*ती कोणी केली याची मला माहिती नाही;*

*आणि हे निवेदन मी कोणत्याही दबावाविना करीत आहे.*

दीपकने फोल्डरमधून निळा शाईचा पॅड काढला आणि तिच्यासमोर उघडून ठेवला. "इथे फक्त अंगठा."

सुलोचनाने पॅड बाजूला सरकवला आणि कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. ओळीवर बोट ठेवून ती वाचू लागली. हळू, शब्दाशब्दावर थांबत, पण मोठ्याने. दबावाविना या शब्दावर अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचला.

दीपक तिच्याकडे बघतच राहिला. पंचेचाळीस वर्षांत त्याने आईला वाचताना पाहिलं नव्हतं. लहानपणी प्रगतिपुस्तक घेऊन तो वडिलांकडे जायचा, ते कुशाबांकडे पाठवायचे. आईला कुणी विचारलंच नव्हतं.

"तुला येतं?"

"चौथीपर्यंतचं येतं."

"मग बँकेत अंगठा का लावतेस तू?"

तेव्हाही तिने कुशाबांकडे पाहिलं नाही. ती गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती, नवरा होता तोवर त्याला तर नाहीच. लग्नानंतरच्या वर्षी तिचं आणि गुणाजीचं खातं उघडायला थोरले दीर बरोबर आले होते. गुणाजी मिलच्या सांचाखात्यातला, मागावरचा, मशीन आवाजावरून ओळखणारा माणूस, पण अक्षरशत्रू. त्याने अंगठा लावला. मग कारकुनाने तिच्याकडे बघून विचारलं, बाईंना सही येते? ती हो म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात कुशाबा म्हणाले, अंगठाच घ्या. तिने अंगठा दिला. गुणाजी बाजूला उभा होता, त्याचा अंगठा अजून निळा होता. त्याच्यासाठी दिला. वाईट फक्त एवढ्याचं वाटलं की तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने अंगठाच दिला असता.

"सवय पडली," ती मुलाला म्हणाली.

कुशाबा खुर्चीत हलले. खुर्चीचा हात धरून उठायला लागले. कमल पुढे झाली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

"वाजले किती?"

"सव्वा," आकांक्षा म्हणाली.

"जेवून घ्या. दोनला निघू. मी येतो."

"कोणाच्या बाजूने, मोठे आजोबा?"

"आधी टॅक्सी बोलाव. बाजू टॅक्सीत बसल्यावर बघू."

हजर व्यक्ती

कुशाबा चार महिन्यांत जिना उतरले नव्हते. दीपक पुढे, कमल मागे, आणि मध्ये ते, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. अर्ध्या जिन्यात ते म्हणाले, "मेल्या, जोरात धर, मी काय काचेचा आहे?" आणि दीपकने त्यांना सरळ पाठुंगळी घेतलं. चाळीतली माणसं दारात येऊन बघत होती. कोणी काही विचारलं नाही. पण तळमजल्यावरच्या बाईंनी, ज्यांना परवा गावचं काम निघालं होतं, टॅक्सीचं दार उघडून धरलं.

टॅक्सीत आकांक्षाच्या फोनवर 'साटम परिवार' गटात निरोप येत होते.

*आम्ही सही मागे घेतलेली नाही. कॉटन ग्रीन.*

*कोणी अंगठा देऊ नका कशावर.*

*प्रिती यांनी गट सोडला.*

*प्रितीला परत घ्या कोणीतरी, चुकून बटण दाबलं गेलं.*

"प्रितीचं असंच असतं," सुलोचना म्हणाली. टॅक्सीत त्या दिवशी एवढंच हसू झालं. दीपकने फोल्डर गुडघ्यावर धरलं होतं. निवेदन आत तसंच होतं, अंगठ्याविना.

पडताळणी

निवडणुकीचं कार्यालय कॉटन ग्रीनला एका जुन्या गोदामात थाटलं होतं. वर पत्रे, खाली टेबलं. निवडणूक अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या, समोर थंड झालेला चहा. बाजूला तिपाईवर कॅमेरा. छाननीचं चित्रीकरण व्हावं ही मागणी पक्षाचीच होती. अर्ज कायदेशीर बाद झाला असं दाखवता आलं पाहिजे. कॅमेऱ्याच्या मागे हर्षवर्धनसाहेब उभे होते, पक्षाचे वकील, पांढरा सदरा, बोलणं अतिशय मऊ.

"आजी, या, बसा," ते म्हणाले. "उगाच त्रास घेतलात. कागद चालला असता."

सुलोचना बसली नाही.

"तुम्ही सुलोचना गुणाजी साटम?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"होय."

"अर्जावरची ही सही तुमची आहे?"

"होय."

"मॅडम," हर्षवर्धनसाहेब म्हणाले, "सही दुसऱ्या नावाची आहे हा एक मुद्दा. दुसरा जास्त गंभीर आहे." त्यांनी एक झेरॉक्स पुढे केली. "हे बँकेतलं नमुना कार्ड. पन्नास वर्षं या बाई अंगठा लावतायत. म्हणजे त्या निरक्षर आहेत. मग सही केली कोणी? यात फसवणूक दिसते. अर्ज कोणी भरला ते आपल्याला ठाऊक आहे, विद्यार्थिनी आहे, पुढे वकिलीची सनद घ्यायची आहे तिला."

ते आकांक्षाकडे बघून हे बोलले. आकांक्षाचा हात आजीच्या पदरात गेला. आणि दीपक, जो आतापर्यंत दाराशी उभा होता, तो दोन पावलं आत आला.

"पेन द्या," सुलोचना म्हणाली.

बाईंनी कोरा कागद सरकवला. गोदामात पंखे होते, कागद उडू लागला. कमलने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. सुलोचनाने पेन धरलं. श. मग शा. अनुस्वारापाशी ती थांबली, नीट टेकवून दिला. शांती धोंडू राऊळ. पूर्ण व्हायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ कॅमेरा चालू होता.

अधिकारी बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "अक्षर तेच आहे."

"अक्षर असेल," हर्षवर्धनसाहेब म्हणाले. "पण या शांती राऊळ कोण? मतदार यादीत नाहीत. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद नाही. पुरावा काय?"

"मी," मागून आवाज आला.

कुशाबांना दीपकने खुर्चीवर बसवलं होतं. ते तिथूनच बोलले, संपाच्या दिवसांत गेटवर बोलायचे तसे, प्रत्येक शब्द मागच्या माणसाला पोचेल असा.

"कुशाबा धोंडजी साटम. हिचा थोरला दीर. हिचं नाव मी बदललं. माझ्या आईचं नाव शांती. आई म्हणाली, घरात दोन शांती कशा? सुनेला हाक मारायची तर सासूचं नाव तोंडी येतं. म्हणून बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने नाव नवऱ्याने लिहायचं असतं. माझ्या भावाला लिहिता येत नव्हतं. मंडपात हसं झालं असतं त्याचं. मी मागून त्याचा हात धरला आणि लिहिलं. सुलोचना. ते नाव माझ्या मनातलं. हिला कोणी विचारलं नाही."

"आणि बँकेत अंगठा?"

"तोपण मीच लावायला लावला. कारकून सही विचारत होता. ही हो म्हणणार होती. मी मध्ये पडलो. नवऱ्याचा अंगठा आणि शेजारी बायकोची सही, ते कार्ड मला बघवलं नसतं." ते थांबले. दम लागला होता. "माझ्या भावाची लाज मी हिच्या हातावर काढली. पन्नास वर्षं ही काही बोलली नाय. आज मी बोलतो. माझं लिहून घ्या, आणि सही घ्या माझी. आणि बघा, मॅडम, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

सुलोचनाने आता त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती समजत होती की त्यांना ते आठवतही नसेल.

"भावजी," ती म्हणाली, "दम खावा जरा."

मग ती टेबलाकडे वळली. "बाई, दोनय नावां माझीच. आईबापाने एक दिलं, या घराने एक दिलं. लिहिता मला पहिलं येतं. त्याच्यासाठी चौदा लाख माणसांना घरी बसवायचं असेल तर तसं त्या कॅमेऱ्यात बोला, की या म्हातारीच्या नावापायी निवडणूक रद्द. मी उभी आहे इथे."

हर्षवर्धनसाहेबांनी कॅमेरावाल्याला हाताने खूण केली. बाईंनी ती पाहिली.

"चित्रीकरण चालू राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच मागितलं होतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीन निवडणुका त्यांनी याच टेबलावर एकेका नावाची यादी केली होती; हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. टेबलावरचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो उचलला नाही. वाजत असतानाच त्या बोलल्या, नोंद करणाऱ्याला कळेल इतक्या सावकाश.

"आक्षेप सहीबद्दल होता. सही समक्ष झाली, जुळली. ओळख कुटुंबातल्या ज्येष्ठ माणसाने पटवली. आक्षेप फेटाळला. कमल कुशाबा साटम, अर्ज वैध." मग मान वर करून, "सूचकाचं नाव नोंदीत कोणतं घालू, आजी?"

"दोन्ही," शांती म्हणाली. "जागा नसेल तर बारीक लिहा."

शेरा

यादीचा नमुना छापील होता आणि त्यात एकच रकाना होता. इतकी वर्षं तेवढाच लागत होता. शिपायाने कपाट धुंडाळलं, पट्टी सापडेना. शेवटी त्याने जाड फायलीच्या कडेने खाली दुसरा रकाना आखला. रेघ थोडी तिरकी गेली. कमल कुशाबा साटम हे नाव त्याने हाताने लिहिलं, आणि कागद दाराबाहेरच्या फलकावर लावला. लावल्यावर तिथेच उभा राहून स्वतःच बघत बसला.

बाहेर बरीच माणसं जमली होती. कॉटन ग्रीनचा जावई, परळचे तिघे, आणि प्रिती, फोन हातात घेऊन, "मी गट सोडला नव्हता हां, आधीच सांगते." शिवाय साटम नसलेलेही. ते फलकासमोर गप्प उभे होते, दोन नावं होती, ती पुन्हा पुन्हा वाचत. आकांक्षाने यादीवर बोट ठेवून खालची तारीख मोठ्याने वाचली. मतदानाची. रविवार येत होता.

दीपक बाजूला उभा होता. फोल्डरमधून त्याने बिनअंगठ्याचं निवेदन काढलं, दोनदा फाडलं आणि तुकडे खिशात ठेवले, कारण जवळ कचऱ्याचा डबा नव्हता. सतराव्या मजल्याचं त्याने आईला काही म्हटलं नाही. तिनेही काढलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं, उद्याच्या यादीत काय नसेल.

त्याचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून तो जरा ताठ झाला, सवयीने. शांती शेजारीच होती, तिला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही.

"हो साहेब," दीपक म्हणाला. "हो. वैध झाला... नाही, कागद दिला नाही... हो, मी होतो तिथे."

पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोललं. शेवटी एक प्रश्न आला असावा, कारण दीपकने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, कुशाबांच्या खुर्चीला टेकून उभ्या असलेल्या तिच्याकडे, आणि आवाज जरासुद्धा न उतरवता, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"ती म्हातारी? माझी आई आहे, साहेब. शांती. शांती राऊळ-साटम."

आणि नाव लिहून घ्यायला पलीकडच्याला वेळ मिळावा म्हणून त्याने ते पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.